तिसरी लाइन

आमच्या गच्चीवरच्या पाणी तापवायच्या सोलरला दोन व्हॉल्व बसले ते माझ्या दोन मुलांच्या भांडणापायी. थोरला विजयसिंह वरच्या मजल्यावर राहतो, धाकटा उदयसिंह खाली आणि मी, जोतीराम, मागच्या खोलीत. घराची वाटणी झाली तेव्हा ही खोली कुणीच मागितली नाही, म्हणून ती मला मिळाली. दुपारी वर जेवतो, रात्री खाली. उद्यमनगरच्या फाउंड्रीत उभा जन्म गेला, त्याचा सगळा राग आता गुडघे काढतात. सकाळी कढत पाणी ओतल्याशिवाय ते वाकायलाच तयार नसतात.

उदयचं म्हणणं, वरचे टाकीजवळ आहेत, पहाटेच सगळं गरम पाणी ओरपतात. विजयचं म्हणणं, खालचे नळ सोडून ठेवतात, गार पाणी जाऊन गरम येईपर्यंत निम्मी टाकी गटारात. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे कुणीच मागं हटेना. शेवटी बोलणंच बंद झालं. निरोप बायका द्यायच्या, तेही जिन्यात उभं राहून. मग कुठून तरी विजेवर चालणाऱ्या व्हॉल्वचं निघालं. ठरल्या वेळी वरचा उघडणार, तो मिटला की खालचा. दोघांनी लगेच मान डोलावली. वाटणी म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना हुरूप येतो.

प्लंबर गुंडू आला त्या दिवशी मी गच्चीवरच उन्हाला बसलो होतो. त्यानं टाकीखालची पाइप कापली, दोन लाइनी दोन व्हॉल्ववर घेतल्या आणि तिसरी बारकी लाइन हातात धरून थांबला.

"ही मागच्या खोलीची. कुणाच्या व्हॉल्ववर घेऊ?"

"आबा खाली ऱ्हात्यात," विजय म्हणाला. "खालच्यावर घे."

"दुपारचं जेवत्यात वर की," उदय म्हणाला. "वरच्यावर घे."

दोघंही बोलत होते गुंडूशी. मी हाताच्या अंतरावर बसलेलो, पण माझ्याकडे एकानंही बघितलं नाही. एकानं तरी 'माझ्यावर घे' म्हणावं, एवढीच मी वाट बघत होतो. म्हणालं कुणीच नाही. गुंडूला पुढचं काम होतं. त्यानं माझ्या लाइनीला प्लग मारला आणि तुमचं ठरलं की हाक मारा म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गरम पाण्याचा नळ सोडला तर नुसती हवा आली. थंडीचे दिवस. थोरली सून पूर्णिमा हिनं एकदा गरम पाण्याची बादली पाठवली. त्यावर खालून धाकटीनं शेजारणीला मोठ्यानं सांगितलं, की वरच्यांना आता सेवा सुचायला लागली. दुसऱ्या दिवसापासून बादली बंद. मी आठवडाभर गार पाण्यानं अंघोळ केली आणि रोज दोघांच्या तोंडाकडे बघितलं. गरम होतं का आबा, असं विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मला राग आला, आणि मी तो गिळला नाही.

संध्याकाळी बाजारातून साखळी आणि कुलूप आणलं. एकेक पायरी धरत गच्चीवर गेलो, टाकीखालचा मेन कॉक फिरवून बंद केला आणि त्याच्या चाकातून, सोलरच्या लोखंडी पायातून साखळी ओवून कुलूप घातलं. किल्ली बंडीच्या खिशात. त्या रात्री झोप फार छान लागली.

सकाळी दोन्ही मजल्यांचे गरम नळ कोरडे. आधी जिन्यात जावाजावांची जुंपली, प्रत्येकीला वाटलं दुसरीनं केलं. मग कुणीतरी वर जाऊन कुलूप बघून आलं आणि दोघं मुलं माझ्या दारात उभी राहिली.

"माझी लाइन जोडा," मी म्हणालो. "कुणाच्या व्हॉल्ववर, ते तुमचं तुम्ही ठरवा. मग कुलूप काढतो."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. किती दिवसांनी बघत होते. मला वाटलं, जिंकलो. दोघं मिळून गच्चीकडे गेले, तेव्हा तर मी गुडघ्याला तेलसुद्धा चोळायला घेतलं.

थोड्या वेळानं लोखंडावर ब्लेड चालल्याचा आवाज आला. तो आवाज मला कुणी शिकवायला नको. मी जिना चढलो. विजयनं साखळी ताणून धरली होती आणि उदय कापत होता.

"दादा, हात सांभाळ," उदय म्हणाला.

दादा. हा शब्द परत ऐकायला मिळावा म्हणून मी नवस बोललो होतो. साखळी तुटून पडली, विजयनं चाक फिरवलं, दोन्ही पाइपांतून पाणी धावलं. मग त्यांना मी दिसलो. मान कुणाचीच खाली गेली नाही.

"आबा, जिना चढू नगासा," विजय म्हणाला. "गुडघं दुखत्यात तुमचं."

"चढणार," मी म्हणालो. "उद्या बी चढणार, नवी साखळी घेऊन."

दोघं माझ्या अंगावरून जिना उतरायला लागले. उदय थोरल्या भावाला समजावून सांगत होता, की बाजारातल्या साखळ्या आता पहिल्यासारख्या येत नाहीत, दुसरी आणली तरी सहज कापता येईल.