अर्धा फेरा जास्त

माधवी सिस्टर दर सोमवारी सकाळी साडेपाचच्या गाडीनं चंद्रपूरहून आलापल्लीच्या दवाखान्यात ड्यूटीला जायची आणि शनिवारी संध्याकाळी परत यायची. बावीस वर्षं हेच चाललं होतं. सोमवारची गाडी डेपोतूनच भरून निघते. गोंडपिपरीपर्यंत उभं राहायचं, पुढं नशिबात असली तर जागा. रिटायर व्हायला तीन वर्षं उरली होती आणि ती तीन तिला मागच्या बावीसपेक्षा लांब वाटायची.

तिचे यजमान वामनराव बाइंडर. घराच्या पुढच्या खोलीत बसून कोर्टाची रजिस्टरं, शाळांचे हजेरीपट, बुद्धविहाराच्या वाचनालयाची सुटी झालेली पुस्तकं शिवायचे. हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली, पण वाचणं म्हणाल तर पाठीवरच्या नावापुरतं. वाचायची ती माधवी. जाड पुस्तकाचं ओझं नको म्हणून वामनराव घरचं पुस्तक उसवून सोळा-सोळा पानांचे तीन-तीन फर्मे वेगळे शिवून द्यायचे. सोमवारी अठ्ठेचाळीस पानांची एक जुडी जायची, शनिवारी परत यायची. मग चहा पिता पिता ती गोष्ट सांगायची आणि वामनराव सुई चालवत ऐकायचे. कधी जुडी ऐन मोक्यावर संपायची.

"पुढचं द्या ना आताच," ती म्हणायची.

"सोमवारी," वामनराव मिशीत हसून म्हणायचे. बाइंडर माणसाला एवढा रुबाब पुष्कळ झाला.

दोन हजार नऊच्या दिवाळीत त्यांचा मुलगा कुलदीप हैदराबादहून आईसाठी ई-रीडर घेऊन आला. पाटीसारखं चपटं यंत्र, आत म्हणे अख्खं कपाट मावतं. पण यंत्राला मराठी अक्षरं काही ओळखता येत नव्हती. म्हणून पुस्तकांच्या पानांचे फोटोच आत भरायचं कुलदीपनं ठरवलं. त्यासाठी पानं सुटी हवी होती. वामनरावांनी हौसेनं बारा पुस्तकं उसवून दिली, ती आणि यंत्र घेऊन पोरगा परत गेला आणि संक्रांतीला सगळं यंत्रात भरून घेऊन आला. आपलंच काम आपण आपल्या हातानं मोडीत काढतोय, हे तेव्हा त्यांच्या टाळक्यात आलं नाही.

माधवीला ते यंत्र फार मानवलं. एका हातानं वरचा दांडा धरायचा, दुसऱ्या हातात हे. अंगठ्यानं बटण दाबलं की पान उलटतं. जुडी वाचायला बसायची जागा मिळावी लागायची, हे उभ्यानं वाचता यायचं.

"आता पाय नाई दुखत गाडीत," ती पहिल्याच शनिवारी म्हणाली. "म्हणजे दुखते, पण ध्यानात नाई राहत."

शनिवारची गोष्ट मात्र बंद पडली. ती यायची, अंगावर पाणी घ्यायची आणि आडवी व्हायची.

"त्या मास्तराचं काय झालं मंग?" वामनराव अर्धवट राहिलेल्या गोष्टीबद्दल विचारायचे.

"ते त कवाचंच संपलं. दुसरं चालू हाये. तुमीच वाचा ना आता, घरातच त हायेत पुस्तकं."

बोलणं खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. साठीला टेकलेल्या माणसानं एका यंत्रावर जळावं हे काही शोभत नव्हतं, पण वामनराव जळत होते. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांनी त्या यंत्राला कव्हर करायला घेतलं. बॅगेत डब्याखाली घासून त्याच्यावर चरे उठत होते. मन साफ होतं, निदान सुरुवातीला तरी. दोन पुठ्ठे कापले, वरून रजिस्टराला लावतात ते लाल रेक्झिन, आतून मऊ कापड, कडेनं खळ. असं देखणं काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. ओली खळ वाळताना पुठ्ठा वाकतो, म्हणून बाइंडर ते शिकंज्यात घालून चाकानं आवळून ठेवतो. वामनरावांनीही तेच केलं. माप बरोबर बसावं म्हणून यंत्रही आतच राहू दिलं. चाक दोन फेरे फिरवलं. आतून बारीक 'कट्' असा आवाज आला. पुस्तक असा आवाज करत नाही. वामनराव थांबले. आणि मग त्यांनी आणखी अर्धा फेरा दिला.

संध्याकाळी काढलं तर अर्ध्या पानावर शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि उरलेल्या अर्ध्यावर नुसत्या रेघा. बटण दाबून काही हलेना. आपण काय करून बसलो ते वामनरावांना कळलं. पण आत कुठंतरी बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. लगबगीनं त्यांनी फळीवरचं एक पुस्तक उसवलं, तीन फर्मे शिवले आणि ती जुडी तिच्या बॅगेत साड्यांवर नेऊन ठेवली.

जेवणं झाल्यावर माधवी बॅग भरायला बसली. जुडी बघितली, मग लाल कव्हर उघडलं.

"कसं झालं हे?"

"शिकंजा जरा जास्त आवळल्या गेला. चुकून."

तिनं बटण दोनदा दाबून बघितलं. तिनं रागवावं, दोन शब्द बोलावेत, म्हणजे आपल्यालाही तोंड उघडता येईल, याची वामनराव वाट बघत होते.

"लग्न झाल्यापासून तुमचा शिकंजा पाहून राह्यली मी," ती म्हणाली. "कदी कागद फाटला नाई, कदी पुठ्ठा चेपला नाई. चुकून नोका म्हणू."

वामनरावांनी मान खाली घातली. "आवाज आला होता," ते म्हणाले. "तरी आवळला मी. तू मले काई सांगतच नव्हती आता."

"दमून येते मी. एवढंच होतं."

"कुलदीपले फोन करतो. दुसरं आणन तो."

"त्याले काय सांगान?"

माधवीनं जुडी बॅगेतून काढली आणि वामनरावांच्या मांडीवर ठेवली.

"हे राहू द्या इथीच. उभ्यानं दोन हात लागते ह्याले."

"मंग गाडीत काय करशीन?"

तिनं साड्या आत दाबल्या आणि बॅगेची चेन ओढली.

"उभ्या माणसाले खिडकीतून रस्त्याची कड तेवढी दिसते," ती म्हणाली. "गोंडपिपरीपर्यंत तेच पाहीन."