जोडीदार लागतो

मंगळवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, जोडीच्या नाचाचा पहिला तास सुरू असताना, दोन माणसं सभागृहात शिरली, कोणाकडेही न बघता पियानोखाली पट्टे सरकवले आणि पियानो उचलला. वर ठेवलेला स्पीकर वाजतच होता. संगीत दाराकडे निघालं, तशा नवशिक्यांच्या दोन जोड्याही तालात त्याच्यामागे निघाल्या.

शिकवणाऱ्या बाईंनी पियानो खाली ठेवायला सांगितला. दोघांनी ठेवला. त्यातल्या उलट्या पावलांनी चालणाऱ्याने विचारलं, "इथेच?"

या दोघांचा धंदा सामान हलवण्याचा. जिन्यावरून कपाट उतरवायचं तर एक जण खालच्या बाजूला राहतो आणि पाठमोरा उतरतो. दुसरा वरून धरतो आणि त्याला वाट सांगत येतो. या कामात माणसं टोकं बदलत नाहीत. म्हणून एकाला सगळे खालचा म्हणतात आणि दुसऱ्याला वरचा. त्यांची घरची नावं आता फक्त मतदार यादीत आहेत.

खालच्याची बायको बस आगारात नियंत्रक आहे. कोणती गाडी कधी सोडायची, कोणती थांबवायची, चालक आला नाही तर कोणाला बसवायचं, हे सगळं दिवसभर तीच ठरवते. नाचाच्या वर्गाबद्दल तिने नवऱ्याला आठवडाभर आधी जेवताना सांगितलं होतं. त्यावर तो, सगळ्याच गोष्टींवर म्हणतो ते, म्हणाला होता: "तू म्हणशील तसं." मग त्याने मीठ मागितलं होतं. मंगळवारी दुपारी तिने आगारातून निरोप पाठवला: "आज सातला सभागृहात या. दुसरा मजला. पियानोजवळ. जोडीदार लागतो."

खालच्याच्या धंद्यात जोडीदार म्हणजे कपाटाचं दुसरं टोक धरणारा माणूस. त्याने वरच्याला घेतलं, पट्टे घेतले आणि वेळेवर निघाला. टेम्पो लावायला जागा मिळेना, म्हणून उशीर झाला.

बायको नवे बूट घालून पियानोच्या शेजारीच उभी होती. ती त्याला दिसली ती पियानो उचलून झाल्यावर. "तू इथे काय करतेस?" असं त्याने विचारल्याचं तिथल्या बऱ्याच जणांनी ऐकलं.

खुलासा झाला. वरचा पट्टे गुंडाळून निघत होता, पण दातांच्या एक डॉक्टरीणबाई एकट्याच आल्या होत्या. बाईंनी त्याला धरून त्यांच्यापुढे उभं केलं.

बाईंची पद्धत जुनी आणि सोपी आहे. पुरुषाने न्यायचं, बाईने जायचं. नेणाऱ्याचा डावा पाय पुढे, जाणारीचा उजवा मागे. बाईंनी एक म्हणताच खालच्याची बायको मागे गेली आणि खालचाही मागे गेला. कपाटाची दोन दारं उघडावीत तसे ते एकमेकांपासून लांब झाले. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा बाईंनी त्याच्या पाठीमागे एक खुर्ची ठेवली, तर तो न बघता तिला वळसा घालून मागे गेला. आयुष्यभर पाठमोरं चाललेल्या माणसाला खुर्चीचं काय कौतुक!

वरच्याचं बरं चाललं होतं. तो फक्त बोलायचं थांबत नव्हता. डावा कोपरा सांभाळा, आता वळण आहे, सावकाश, उचलू नका, नुसतं सरकवा. आपण फ्रीज आहोत असं वाटलं खरं, पण अंगावर ओरखडा एकही आला नाही, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं.

शेवटी, दोष नेमका कुठे आहे हे पाहायला बाईंनी खालच्याला आणि वरच्यालाच एकमेकांसमोर उभं केलं. दोघांनी सवयीप्रमाणे हात धरले. संगीत सुरू झालं. वरचा नुसता हुंकार द्यायचा आणि खालचा वळायचा. पहाडासारखी ती दोन माणसं सभागृहभर अशी फिरली, की बाई मोजायच्या थांबल्या. टाळ्या पडल्या. खालच्याच्या बायकोने मात्र वाजवल्या नाहीत. ती बुटांची नाडी बांधत होती, आणि ती आधीच बांधलेली होती.

यावर बाईंनी शहाणपणाचा तोडगा काढला. बायकोने न्यावं, नवऱ्याने जावं. हल्ली असंही चालतं. सगळ्यांना ते पटलं. वरचाही म्हणाला, "न्या की वहिनी. तो येतो. तुमच्या शब्दाबाहेर नाही."

"ते मला घरबसल्या जमतंय, भाऊजी," ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी जोड्या पक्क्या होतील, असं बाईंनी जाहीर केलं आणि तास संपला.

घरी खालच्याने कोबी आणि घेवडा ओट्यावर ठेवून कोणता चिरू म्हणून विचारलं. तेव्हा ती बोलली. आवाज चढवला नाही. आगारातही ती चढवत नाही.

"दिवसभर सगळं आगार माझ्या तोंडाकडे बघून हलतं. घरी आलं की तुम्ही बघता. आठवड्यातून एक तास मला कोणीतरी न्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. चुकीच्या बाजूला न्या. भिंतीवर न्या. पण मला विचारू नका."

खालच्याने मान डोलावली. थोड्या वेळाने दोन्ही भाज्या झाल्या. नवे बूट मात्र तिने पुन्हा खोक्यात घातले आणि खोकं माळ्यावर टाकलं. आता नाही जमलं तर ते खाली येणार नव्हतं, एवढं खालच्याला न विचारता कळलं.

शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरचं तीनदारी कपाट उतरवायचं होतं. खालचा म्हणाला, आज मी वर राहतो. वरच्याने त्याच्याकडे नीट पाहिलं, कारण विचारलं नाही आणि खालचं टोक धरलं. पहिल्या वळणावर दोघं थांबले. थांबलेच. कपाटाची मालकीण दारातून डोकावून गेली. शेजारची एक बाई पिशवी घेऊन वर आली, वाट मिळेना म्हणून पायरीवर बसली.

"अरे बोल की," वरचा कपाटाखालून म्हणाला. "पाठीला डोळे आहेत का माझ्या?"

"डावीकडे घ्यायचं का?"

"मला काय विचारतोस?"

"तू म्हणशील तसं."

यावर वरच्याने जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. शेजारची बाई हसली, यावरून ते तिला समजलं असावं. कपाट पायरीवर टेकवलं गेलं. मग खालचा आपल्या जोडीदाराला म्हणाला, की तुझं बरं आहे, तुला वरून सगळं दिसतं.

"काय दिसतं?" वरचा म्हणाला. "मध्ये कपाट असतं. मला त्याची पाठ दिसते आणि तुझं टक्कल. इतकी वर्षं मी अंदाजाने सांगतोय."

खालच्याने कपाटावरून वाकून पाहिलं. हाच माणूस पायरी म्हणाला की त्याने डोळे मिटून पाय टाकला होता.

"आणि मागे फुटला तो आरसा?" त्याने विचारलं.

"तेव्हा अंदाज चुकला."

"तू तर म्हणालास की मालकच मध्ये आला."

"मग काय म्हणणार? सांगताना ठामच सांगावं लागतं. नाहीतर तू हललाच नसतास."

कपाट पुढे खाली पोचलं. खालच्याने तिथपर्यंत चार शब्द उच्चारले. त्यातले तीन बरोबर होते. चौथ्याची खूण जिन्याच्या भिंतीवर आहे.

त्या मंगळवारी त्याने माळ्यावरून खोकं काढून टेम्पोत ठेवलं आणि आगाराच्या दारात जाऊन उभा राहिला. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं. बूट बायकोने टेम्पोतच घातले. वरचा मागच्या बाजूला बसून होता. त्याने केसांना तेल लावलं होतं.

सभागृहात जोड्या उभ्या राहिल्या. बाईंनी स्पीकर लावला. खालच्याने बायकोचा हात धरला आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं. शेजारी डॉक्टरीणबाई होत्या. त्या तोंड उघडण्यातल्या जाणकार आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो प्रश्न जिभेवर आला होता आणि मिटला. मग त्याचा डावा पाय पुढे पडला.

बायको मागे गेली. तो पुढे गेला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. जोडी चालली, आणि तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की याला वळण शिकवायचं राहून गेलंय. गेल्या तासाला सगळे वळायला शिकले तेव्हा हा खुर्चीला वळसा घालत होता. समोर भिंत होती. भिंतीत दार होतं, आणि ते उघडं होतं.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"चल," तो म्हणाला.

ती दारातून पाठमोरी बाहेर गेली. त्या वेळी तिचे डोळे मिटलेले होते, असं डॉक्टरीणबाई सांगतात. अर्धेच मिटले होते, असं बाईंचं मत आहे. क्षणभराने जिन्यावरून आवाज आला, "पायरी." मग पुन्हा, "पायरी." मग, "वळण." आवाज ठाम होता. धडपडल्याचं कोणी ऐकलं नाही. नंतर खालच्या फाटकाची कडी वाजली.

बाईंनी वरच्याला बघून यायला सांगितलं. हाक आल्याशिवाय टोक सोडायचं नसतं, असं म्हणून तो डॉक्टरीणबाईंना घेऊन वळला.

आठला तास संपला, तेव्हा बायकोची पर्स पियानोवरच होती. टेम्पोही खालीच होता, म्हणजे दोघं पायीच गेले. फाटकापासून रस्ता सरळ जातो आणि बेकरीपाशी त्याला दोन फाटे फुटतात. बेकरीवाल्याने एका बाईला पाठमोरी चालत येताना पाहिलं. फाट्यापाशी दोघं थांबले, हेही त्याने पाहिलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ते कोणत्या फाट्याने गेले, आणि ते कोणी ठरवलं, हे त्याला सांगता आलं नाही.