आखाजीचे पाहुणे

पुनमने दोन्ही हातांवर फिरवून मोठा केलेला पुरणाचा मांडा पालथ्या खापरावर सोडला, तशा चुलीभोवती बसलेल्या पाच पाहुण्यांनी माना लांब केल्या. त्या चांगल्या हातभर लांबायच्या. परग्रहावरून धुळ्याच्या मैत्री महोत्सवाला आलेली मंडळी सण दाखवायला गावोगावी वाटून दिली होती. शिंदखेड्याजवळच्या या गावाची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पुनमच्या सासूच्या, यशोदाबाईंच्या अंगणात ठरली, तेव्हापासून बाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

लग्नानंतरची पुनमची ही पहिली आखाजी. तिला माहेरी न्यायला तिचा भाऊ ललित सकाळीच चाळीसगावहून आला होता. पण खापरावरचे मांडे घरात तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हते.

"पाव्हना जेवी जाऊ द्या, मंग दखूत," असं म्हणून यशोदाबाईंनी त्याला ओट्यावर बसवून ठेवलं. आता दुपार कलली होती.

"आजच्या दिवशी सगळ्या लेकी माहेरी येतात," यशोदाबाई पाहुण्यांना ठेवणीतल्या मराठीत सांगत होत्या. "ती पाहा आमची कामिनी. कालच आली."

निंबाच्या झोक्यावरून कामिनीने हात हलवला.

थोरल्या पाहुणीच्या गळ्यातली भाषांतराची डबी शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायची. पुनमकडे मान वळवून तिने विचारलं, "आणि या का गेल्या नाहीत?"

अख्खं अंगण ऐकत होतं. यशोदाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "तिले कोनी नही. मायबाप मरी गयात."

पुनमचा हात थांबला. मग तिने मांडा उचलून त्याची घडी घातली.

थोरलीने ताट खाली ठेवलं. पाठोपाठ बाकीच्यांनीही ठेवलं. पाचही जण उठले आणि चुलीच्या धुरात पुनमला खेटून, डोळे मिटून बसले.

"ज्याचं कुणी उरलं नाही, त्याच्याजवळ आम्ही जेवत नाही. नुसते बसतो," डबी म्हणाली. "आपण जेवून घ्या."

कोण जेवणार? ओट्यावर ललित उभा राहिला होता. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर यशोदाबाईंना सोपं गेलं असतं. एका पाहुणीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, अगदी खरं पाणी, आणि ते पाहून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोटं बोलनू मी," त्या म्हणाल्या. ओट्याकडे हात करून पुन्हा म्हणाल्या, "खोटं बोलनू. तिना मायबाप जित्ता शेतस. तो तिना भाऊ. मांडासाठे मीच तिले जाऊ दिधं नही."

डबीने ते सावकाश पाचही जणांना सांगितलं. कुणी रागावलं नाही. त्यांनी फक्त डोळे उघडून पुनमला वाट करून दिली.

"जाय बेटा," म्हणत यशोदाबाई खापरापुढे बसल्या. त्यांचा पहिलाच मांडा हातावर फाटला.

पुनम हात धुऊन, पिशवी घेऊन बाहेर आली. निघताना रीतीप्रमाणे ती सासूच्या पाया पडायला वाकली. यशोदाबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"आज नको, माय."

पुनम क्षणभर तशीच वाकून राहिली. मग सासूपुढच्या जमिनीला हात लावून ती उठली.