दुसऱ्या भाषणातलं घर

…खालच्या जबड्यातली डावीकडची दाढ थोडी झिजलेली होती, आणि त्या पांढऱ्या, प्लास्टरच्या जबड्याखाली दोन भाषणं दाबून ठेवलेली होती — एक विधेयकाच्या बाजूचं, एक विरोधातलं. कुणा म्हाताऱ्याचा जबडा असावा. कवळी त्याच्याकडे गेली, साचा मागे राहिला. असे साचे घरभर होते, फळ्यांवर, खिडकीत, अगदी फ्रिजवरसुद्धा, सगळे आ वासलेले. ती भाषणं लिहिणाऱ्या त्याला पूर्वी हसू यायचं. हल्ली खोलीत शिरलं की वाटायचं, ही मंडळी आत्तापर्यंत काहीतरी बोलत होती आणि आपल्याला पाहून गप्प झाली.

"आपण दोघंही दुसऱ्यांची तोंडं बनवून पोट भरतो," सोबती म्हणायचा. सोबती कवळ्या करायचा, हा आमदार साहेबांची भाषणं लिहायचा. बावीस वर्षं दोघं एका छताखाली, आणि शेजारीपाजारी, दूधवाला, साहेब, सगळ्यांना सांगितलेलं नातं एकच: मावसभाऊ.

सोबत्याने चहा पुढे ठेवला. "आज मतदान ना? दोन पुरुषांच्या लग्नाला मान्यता मिळाली तर पहिल्याच दिवशी नोंदणी करू. ऑपरेशन माझं आहे. त्या संमतीच्या कागदावर मला नवऱ्याची सही हवी, मावसभावाची नको."

"बघू."

"तुझे साहेब काय बोलणार?"

"त्यांचं अजून ठरलेलं नाही."

हे खरंच होतं. पक्षाने सदस्यांना मोकळीक दिली होती, आणि साहेबांना स्वतःचं असं मत कशाबद्दलच नव्हतं, हे एकोणीस वर्षांत बहुधा यालाच कळलं होतं. साहेब दोन्ही बाजूंची भाषणं लिहून घेत, मोठ्याने वाचून बघत, आणि ज्याच्यात जीव असेल ते त्यांचं मत होई. मागून पाच-सात सदस्य मेंढरांसारखे तिकडेच जात. अट एकच — भाषणात एक घर हवं. "लोकांना मुद्दे नकोत रे, घर दाखव," म्हणत.

लिहिताना त्याच्या डोक्यात साहेबांचा आवाज वाचत असे. जाड, भारदस्त, वाक्याच्या शेवटी जरासा थांबणारा. त्याशिवाय वाक्य जमतच नसे. पण अलीकडे तो आवाज कामापुरता राहिला नव्हता. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना तोच वाचायचा… सोबत्याने दारावर चिकटवलेली चिठ्ठी, 'कुलूप नीट लाव, मी तपासणीला जातोय', तीसुद्धा तोच वाचायचा, शेवटी जरासा थांबून.

दुपारी साहेबांनी आपल्या खोलीत पहिलं भाषण वाचायला घेतलं. समता, न्याय, नागरिकांचे हक्क… दुसऱ्या पानावर त्यांना जांभई आली. मग विरोधातलं उचललं.

"एक घर आहे," साहेब वाचू लागले. "दारावर पाटी एकाची, आत माणसं दोन. पाहुणा यायचा म्हटलं की धावपळ… दुसऱ्या खोलीत अंथरूण घालायचं, आणि त्यावरची चादर मुद्दाम चुरगळायची, म्हणजे तिथं रोज कुणी झोपतं असं वाटावं. आणि कुणी विचारलंच, तर सांगायचं, मावसभाऊ! या खोटेपणाला आपण लग्न म्हणायचं?"

खोलीतले कार्यकर्ते खो खो हसले. परवा लिहिताना हे घर त्याने रचलं होतं, अगदी आयतं सुचलं होतं, आणि आपण हुबेहूब काय उतरवतोय हे त्याच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. इतकी वर्षं ती चादर तोच तर चुरगळत आला होता.

साहेब थांबले. "ही चादरीची गोष्ट कुठून सुचली तुला?"

"सुचली…"

"मावसभाऊ बरा आहे ना?"

साहेबांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. राग नाही, चेष्टा नाही. पुसलेल्या पाटीसारखा चेहरा. "हेच वाचतो," साहेब म्हणाले. "त्या पहिल्यात नुसता कायदा आहे. घर असतं तर तेही वाचलं असतं, मला काय! अर्धा तास आहे अजून. बघ, जमलं तर."

शेजारच्या रिकाम्या खोलीत तो पहिलं भाषण पुढ्यात घेऊन बसला. घरी टीव्ही चालू असणार. सोबती प्लास्टरचे हात न धुता पुढे बसलेला असणार, आणि चादर आली की त्याला कळणार, अर्ध्या वाक्यात कळणार. भीती वाटत होतीच. पण त्याहून वाईट काहीतरी हळूहळू उमगत होतं. साहेबांना त्या घराचा राग नव्हता, त्यांनी ते घर कधी पाहिलंही नव्हतं. कागदावरचा राग होता तो याचा स्वतःचा. इतका जिवंत, इतका बारीक, की ऐकणाऱ्याला पटावा. आणि बाजूने लिहायची वेळ आली तेव्हा याला त्या घरातली एक वस्तू आठवू नये?

'एक घर आहे,' त्याने लिहिलं. आवाजाने ते लगेच वाचलं आणि पुढच्याची वाट पाहत थांबला. त्याने खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तोच. मग न राहवून तो स्वतःच मोठ्याने म्हणाला, "एक घर आहे," आणि त्याच्या तोंडून तो जाड, भारदस्त आवाज आला. भिंतीपलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवून अदबीने उभं राहिल्याचं ऐकू आलं.

पेन हातात तसंच होतं. तपासणीच्या दिवशी सोबती शर्टाची बटणं चुकवून निघाला होता, हे त्याला का कोण जाणे आठवलं… जिन्यात थांबवून याने ती नीट लावून दिली होती, वर कुणी उभं आहे का हे न बघता. त्याने ते लिहिलं. दुसऱ्या पायरीवर सोबती म्हणाला होता, मला भीती वाटतेय रे, तेही लिहिलं. आणि मग लक्षात आलं की डोक्यात कुणी वाचत नाहीये. आवाज नव्हता. साहेबांचा नाही, कुणाचाच नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच आत चिटपाखरू नव्हतं, आणि त्या शांततेचं भय त्या आवाजापेक्षा कितीतरी मोठं होतं. वाक्य बरं की वाईट, जमलं की फसलं, सांगायला कुणी उरलं नव्हतं. हात मात्र लिहीत होता.

शिपायाने दार ढकललं. "साहेब कागद मागतायत."

त्याने मान वर केली. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि आता कुणाचा आवाज निघेल हे ठाऊक नसल्यामुळे तो तसाच, तोंड उघडं ठेवून बसून राहिला.