लाल पट्टीचा जावई

लॅबमध्ये उंदरांचे पिंजरे धुणाऱ्याला सगळे उंदीरमामा म्हणत. मामा तो जगाचा झाला होता. बाप होणं मात्र लग्नाला चार वर्षं उलटली तरी जमत नव्हतं.

लॅबमधला प्रयोग असा: गाभण उंदरिणींपैकी निम्म्यांना शिसं मिसळलेलं पाणी, निम्म्यांना साधं. त्यांचे मुलगे वयात आले की त्यांना माद्यांसोबत ठेवायचं आणि पिल्लं होतात का ते बघायचं. एका गटाच्या पिंजऱ्यांना लाल पट्टी, दुसऱ्याला निळी. कुठली कुणाची हे फक्त मॅडमना ठाऊक, मापात पाप नको म्हणून.

मामाने मनाशी ताडलं होतं. लाल म्हणजे धोका, म्हणजे शिसं. तेव्हापासून लाल पट्टीवाले त्याचे भाऊबंद. कारण तो पोटात असताना त्याची आई जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या कामावर होती. "इतर बायकांना आंबट लागायचं, मला हातोडा," असं ती सांगे.

"एकदा तपासून घे ना," बायको म्हणाली. "माझं सगळं नीट निघालंय."

"आधी जावयाचं काय होतं ते कळू दे."

"कोण जावई?"

"कान फाटलेला. लाल पट्टीचा. आयतं खातो, म्हणून जावई."

"आपला वंश एका उंदरावर अडलाय, हे सासूबाईंना तूच सांग. मला नाही जमायचं."

मामा रोज जावयाला हळू आवाजात धीर देई आणि मग सभ्यपणे पाठ फिरवून झाडू मारी. एका सकाळी पिंजऱ्यात गुलाबी पिल्लांचा ढीग. मामा मिठाई घेऊन घरी.

"कुणाला झालं?" आईने विचारलं.

"जावयाला."

"मुलगा की मुलगी?"

"अकरा."

आता तपासणीची गरजच काय, असं म्हणत तो गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी गुपित फोडलं. लाल म्हणजे साधं पाणी. शिसं निळ्यांना.

"पण लाल म्हणजे धोका ना?"

"लाल चिकटपट्टी उघडलेली होती, आधी तीच वापरली."

मामा फडकं पिळायचं विसरला. "निळ्यांचं काय?"

"काहींना पिल्लं नाहीत. काहींना झाली, पण कमी. का हो?"

मामाने आईचा हातोडा सांगितला.

"उंदरांवरून माणसाचं भविष्य बघता?" मॅडम म्हणाल्या. "तपासून घ्या आधी."

दवाखान्याच्या बाकावर बायको होती आणि नको म्हटलं तरी आलेली आई. "माझ्यामुळे का रे?" तिने हळूच विचारलं.

"त्या हातोड्यावरच तर मी वाढलो," मामा म्हणाला. "आता गप्प बस, नंबर आलाय."

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "शुक्राणूंची संख्या कमी आहे, शिवाय जरा आळशी आहेत. शिशामुळेच, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण आहेत. उपचार करू, बरीच आशा आहे."

"आळशीपणात याच्या वडिलांवर गेलेत," आई एकदम तरतरीत होऊन म्हणाली. बायको रुमालात तोंड लपवून हसत राहिली.

सकाळी मामा पहिल्यांदाच निळ्या रांगेसमोर खुर्ची घेऊन बसला. कोपऱ्यातला एक सुस्त उंदीर उठला, मादीच्या दिशेने दोन पावलं गेला आणि विचारात पडला.

"सावकाश," मामा म्हणाला. "आपल्याकडे जरा उशीरच होतो."

आणि सभ्यपणे पाठ फिरवली.