वरच्या कप्प्यातला बर्फ

मी नाशिक रोडच्या कॉलनीतल्या एका घरातला जुना फ्रिज बोलतोय. बोलतोय कसला, घुरघुरतोय. आठ महिने माझी मोटर थांबलेली नाही. दमलोय बुवा.

सावळीराम इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला असताना त्यांनी मला आणलं. माणूस शिस्तीचा. दर रविवारी माझं बटण बंद. बर्फ वितळायचा, आणि आतलं खराब होऊ नये म्हणून उरलंसुरलं सगळं बाहेर निघायचं. मग ते, त्यांची बायको सुलाबाई आणि सून स्नेहा एकत्र जेवायला बसत. परवाचं वरण, फोडणीचा भात, आणि गप्पा पार चहापर्यंत. मुलगा मालेगावला नोकरीला, सुट्टी मिळेल तसा यायचा.

सावळीराम गेले आणि हा रविवार बंद पडला. सासूसुनेत भांडण नाही, तंटा नाही, नुसतं बोलणं आटलं. सुलाबाई पुढच्या खोलीत जेवतात, स्नेहा ओट्यापाशी उभ्या उभ्या. माझ्या वरच्या कप्प्यात बर्फ एवढा फुगला की झाकण लागेना, आणि खाली दूध नासायला लागलं. सगळे म्हणाले, फ्रिज बिघडला. उद्या मला देऊन नवा आणणार आहेत.

आज रविवार. दुपारी स्नेहा स्वयंपाकघरात बसून उद्याच्या तासाची तयारी करत होती. ती शाळेत भूगोल शिकवते. सुलाबाई पाणी प्यायला आल्या आणि पुस्तकातलं हिमयुगाचं चित्र बघून थबकल्या.

"एवढा बर्फ? थंडी लय पडली असंल."

"थंडीमुळे नाही, आई. पृथ्वीचा कल आणि तिची सूर्याभोवतीची वाट हजारो वर्षांत थोडी थोडी बदलते. मग उत्तरेकडे उन्हाळ्यात ऊन कमी पडतं. मागचा बर्फ वितळत नाही, त्यावर पुढचा साचतो. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, म्हणून गारठा आणखी वाढतो."

"म्हंजी थंडीचा दोष नाय. ऊन कमी पडलं."

सुलाबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन त्यांनी बटण बंद केलं.

"कालची वांग्याची भाजी हाय आत. खराब व्हईल. बस, तू पण जेव."

जेवता जेवता स्नेहा रडली. सुलाबाईंनी तिच्या ताटात भात वाढला आणि स्वतःचेही डोळे पुसले. माझं पाणी खालच्या पातेल्यात टपटपत होतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

"नवा कसा असतो गं?" सुलाबाईंनी विचारलं.

"त्यात बर्फ साचतच नाही, आई. बंद करावा लागत नाही."



उद्या गाडी येईल. जाण्याचं मला दुःख नाही, अंग थकलंय. एवढंच सांगणं आहे: गरज नसली तरी रविवारी त्या नव्यालाही बंद करत जा.