हालणारी मासोळी

उर्वशीने फ्रिज उघडला आणि तलावाच्या काठावर बोट दाबलं. निळी जेली थरथरली, आतल्या केशरी मासोळ्या एका अंगाला झुकल्या आणि पुन्हा जागेवर आल्या. तिने दार लावलं, पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला आणि परत दार उघडलं.

“किती वेळा उघडशीन?” सुपातले तांदूळ निवडता निवडता ललिताबाई म्हणाल्या. “मासोळ्या पळून जातीन का तिथून?”

“पाहून राहिली फक्त, आई.”

“पाहून पाहूनच गरम करून टाकशीन.”

सासूबाईंचं खरं होतं, म्हणून उर्वशीने दार लावलं. तुमसरात वाढदिवसाला केक कापणारी घरं आता पुष्कळ झाली आहेत. केक कोणाचा मोठा, हे एकदा ठरून गेलं की बायकांची नजर जेलीकडे वळते, आणि जेलीत बात एकच, हालते की नाही. उर्वशी ऑर्डरवर जेली करून द्यायची आणि तिची हालायची. बेडूक हालले, आगगाडी हालली, मागच्या महिन्यात तर सिहोऱ्याच्या एका घरी जेलीचा ट्रॅक्टर हालला. आज टीनाच्या पोराचा वाढदिवस होता आणि त्याने स्वतः येऊन बजावलं होतं, “तलाव पायजे आंटी. अन् मासोळ्या हालल्या पायजे.”

प्रत्येक जेली आधी ललिताबाई चाखत. तशी त्यांची शिस्तच होती. भांड्याच्या तळाशी उरलेली चमचाभर घ्यायची, गळ्यातली तुळशीची माळ एका हाताने बाजूला धरायची, तोंडात घोळवायची आणि “साखर बेताची हाय” असा निकाल मान हलवूनच द्यायचा. मग तांब्या घेऊन मोरीवर जायचं आणि खळखळून चूळ भरायची. थंडाने दात शिवशिवतात म्हणे. उन्हाळ्यात बर्फाचा गोळा मात्र त्याच दातांना चालत असे.

फोन वाजला. उर्वशीचे हात ओले होते, म्हणून तिने स्पीकर लावला.

“उर्वशीताई, झाला का तलाव?” टीना घाईत होती. “अन् ऐका ना, आमच्या सासूबाई बी खाणार म्हणतात. आजवर केकले हात नाही लावला त्यायनं. पण म्हणतात, ललिताबाईची सून करते, ललिताबाई गळ्यात माळ घालून चाखते, मंग मले कायचं भेव?”

टीनाच्या सासूबाई म्हणजे शकुंतलाबाई. भजनात त्या ललिताबाईंच्या शेजारी बसत. तिथे एकीने टाळ उचलला की दुसरीचा हात आपोआप उठे.

“सांग तिले,” ललिताबाई सुपावरूनच मोठ्याने म्हणाल्या, “मी चाखतोच म्हणा.”

उर्वशीने फोन ठेवला. तिची नजर वरच्या फळीवर गेली आणि तिथून लगेच खाली आली.

फळीवर स्टीलचा एक डबा होता. त्यात जिलेटीन होतं. ते जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं, हे पहिल्याच पाकिटावरच्या मांसाहाराच्या तपकिरी खुणेवरून तिला कळलं होतं. तेव्हाच सांगायचं, तर सासूबाईंनी पहिला चमचा तोंडात घातलेला होता. मग दुसरी ऑर्डर आली, तिसरी आली, आणि सांगायची वेळ टळत टळत पार निघून गेली. तेव्हापासून पाकीट आलं की भुकटी डब्यात आणि पाकीट गल्लीच्या टोकाच्या कचऱ्यात. गरम पाण्यात ती विरघळताना एक वास येई, त्यावर ती घाईघाईने वेलची टाकी. घरातलं पाप घरात जिरतं, असा तिचा हिशेब होता. आता त्यात शकुंतलाबाई आल्या. परक्या माळेचा भार तिच्या हिशेबात कुठेच बसेना.

ती अंगणात गेली. परत आली. फोन उचलला आणि ठेवला. शकुंतलाबाईंना देऊ नका म्हणावं, तर टीना विचारणार, काहून? आणि त्या काहूनला ऐकणारे कान इथे सुपापाशीच बसले होते.

शेवटी तिने ट्रे बाहेर काढला आणि मोरीत उपडा केला. तलाव फुटला, पण एक मासोळी जाळीवर अडकून तिथेच हालत राहिली. उर्वशीने तिच्यावर कढत पाणी ओतलं.

“काहून टाकून राहिली?” मागून आवाज आला.

“बिघडला, आई.”

ललिताबाईंनी मोरीत डोकावून पाहिलं. “बिघडला होता त टाकला, बरं केलं,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुपाकडे गेल्या.

किराणा दुकानातून उर्वशीने चायना ग्रास आणलं. समुद्रातल्या शेवाळाचं ते, कोणाच्याही माळेला चालणारं. दोष एवढाच, की त्याची जेली कडक होते आणि काही केल्या हालत नाही. पातेल्यात पाणी उकळलं, दोऱ्या विरघळल्या, वाफ घरभर पसरली. भाताच्या वाफेवरून तांदूळ जुना की नवा ते सांगणाऱ्या ललिताबाईंनी मान वर केली, एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा खडे वेचू लागल्या. वेलचीची पूड ओट्यावर तशीच राहिली.

ऊन उतरेपर्यंत नवा तलाव तयार झाला. उर्वशीने बोट दाबलं. काही हाललं नाही. ट्रे गदगदा हालवून पाहिला. मासोळ्या एखाद्या फोटोसाठी उभ्या असाव्यात तशा उभ्या.

“हालत नाही, आई,” ती म्हणाली. रडायचं की हसायचं ते तिला कळेना. “पोरगं नाराज होईन.”

“आण चाखाले.”

पातेल्याच्या तळाशी उरलेली जेली उर्वशीने चमच्याने खरवडली. ललिताबाईंनी माळ बाजूला धरली आणि चमचा तोंडात घातला. उर्वशीने सवयीने मोरीवरचा तांब्या भरून आणला आणि त्यांच्याजवळ ठेवला.

ललिताबाईंनी गिळलं.

मग चमचा पातेल्यात घालून त्यांनी पुन्हा खरवडलं, तेही खाल्लं. तांब्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“साखर बेताची हाय,” त्या म्हणाल्या. “पोराचं काय, तो केक खाईन. शकुंतलाले मोठा तुकडा दे.”

उर्वशी भरलेल्या तांब्याकडे पाहत उभी राहिली.

“आता उभी काहून? झाकण लाव,” पदराने ओठ पुसत ललिताबाई उठल्या. “चाल, मी बी येतो.”